ब्रिटिश पासपोर्टचा फॉर्म तसा सोपाय, मग आपली मराठी माणसं नेमकी अडकतात कुठे?

असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. इंग्लंडमधल्या कुठल्यातरी टाऊन हॉलमध्ये नऊवारी नेसलेली मुलगी, मागे राजे चार्ल्स यांचा फोटो, हातात सर्टिफिकेट आणि बॅकग्राऊंडला सनई. खाली कमेंट ठरलेली, "अभिनंदन, मिळाला एकदाचा ब्रिटिश पासपोर्ट!"

तर विषय असा आहे की, मिळालेला नसतो. हातात असतं ते नागरिकत्वाचं सर्टिफिकेट. पासपोर्टसाठी वेगळा फॉर्म, वेगळी फी आणि वेगळं थांबणं. आणि या मधल्या काळात माणूस चक्क लटकलेला असतो.

कसा? भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. राज्यघटनेचं कलम 9 आणि 1955 चा नागरिकत्व कायदा, दोन्हींचा अर्थ एकच. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपलं. म्हणजे सोहळा झाला त्या दिवसापासून तुमचा निळा भारतीय पासपोर्ट प्रवासासाठी वापरणं हा गुन्हा ठरू शकतो. तिकडे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची जी परवानगी होती, ज्याला सगळे आयएलआर म्हणतात, तीही नागरिक झाल्यावर संपते. अशात साताऱ्याहून फोन आला की आई आयसीयूत आहे, तर निघायचं कशावर? म्हणून सोहळ्याची तारीख घेताना पुढचा महिना-दीड महिना भारतात जावं लागणार नाही ना, हे आधी बघा. पासपोर्ट हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, असं ब्रिटिश सरकारही सांगतं.

आता फॉर्मकडे येऊ.

फॉर्म मिळतो कुठे?

हे काम एचएम पासपोर्ट ऑफिसचं. ते ब्रिटनच्या गृहखात्याखाली येतं. अर्ज जीओव्ही डॉट यूके या सरकारी साईटवर करता येतो किंवा पोस्ट ऑफिसातून कागदी फॉर्म आणता येतो. एप्रिल 2025 मध्ये लागू झालेल्या दरांनुसार मोठ्या माणसाला ऑनलाईन 94.50 पौंड आणि कागदी फॉर्मला 107 पौंड पडत होते. 16 वर्षांखालच्या मुलांना तेव्हा ऑनलाईन 61.50 पौंड होते. 2023, 2024 आणि 2025 अशी सलग तीन वर्षं ही फी वाढली, त्यामुळे भरायच्या दिवशीचा आकडा साईटवरच बघा. अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत.

गुगलवर शोधलं की वरती जाहिरातींमध्ये "आम्ही अर्ज भरून देतो" वाल्या साईट दिसतात. दिसायला अगदी सरकारी. त्या वरचे पैसे घेऊन तेच करतात जे तुम्ही चहा पिता पिता करू शकता.

कागदी फॉर्मच भरणार असाल तर काळं पेन, इंग्रजी कॅपिटल अक्षरं, एका चौकोनात एक अक्षर. आपल्या बँकेतल्या फॉर्मसारखंच. सहीसाठी दिलेल्या चौकटीच्या रेषेला सही लागता कामा नये. ज्यांची सही अर्धं पान घेते त्यांनी आधी कोऱ्या कागदावर सराव करावा.

खरी गंमत नावाच्या रकान्यात

ब्रिटिश फॉर्म विचारतो पहिलं नाव, मधली नावं आणि आडनाव. इंग्रजांकडे मधलं नाव म्हणजे जन्मतः ठेवलेलं आणखी एक नाव, ते आयुष्यभर तेच राहतं. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं. आणि बाईचं लग्न झालं की ते बदलून नवऱ्याचं होतं.

समजा स्नेहल प्रकाश पाटील यांचं लग्न झालं आणि त्या स्नेहल रोहित देशमुख झाल्या. जन्मदाखल्यावर एक नाव, डिग्रीवर तेच, पासपोर्टवर दुसरं, आणि ऑफिसात लोक स्नेहल पाटीलच म्हणतात. इंग्रज अधिकाऱ्याला आडनाव बदललेलं कळतं. पण मधलं "प्रकाश" जाऊन "रोहित" का आलं, हे त्याला विवाह प्रमाणपत्राशिवाय समजणार नाही. काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदलतात. मग एकाच बाईची दोन संपूर्ण वेगळी नावं होतात.

ब्रिटनचा नियम असा की, तुमच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असेल तर त्यावरचं नाव आणि ब्रिटिश पासपोर्टवरचं नाव जुळायला हवं. जुळत नसेल तर आधी तिकडचं बदलून आणा, असं सांगतात. आता पेच बघा. नागरिकत्व मिळाल्यावर तुम्ही भारतीय राहिलेलाच नाही, मग भारतीय पासपोर्टवर नाव दुरुस्त करून कोण देणार?

त्यामुळे नावाचा निकाल पासपोर्टच्या फॉर्ममध्ये लावायचाच नसतो, तो त्याच्या कितीतरी आधी लावायचा असतो. जे नाव पुढे आयुष्यभर वापरायचंय ते नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधीच भारतीय पासपोर्टवर आणून घ्या. सर्टिफिकेटवर तेच येतं आणि पासपोर्टचा हा रकाना दोन मिनिटांत भरून होतो.

यात एक नवी भर पडलीये. महाराष्ट्र सरकारच्या 2024 च्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. निर्णय चांगलाच आहे. पण ही मुलं उद्या परदेशात जातील तेव्हा मधली दोन नावं सगळ्या कागदांवर एकाच क्रमाने हवीत, हे आईबापांनी आत्तापासून लक्षात ठेवलेलं बरं.

आणि हो, जुना जन्मदाखला ग्रामपंचायतीचा आणि फक्त मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. त्यांना इंग्रजी आणि वेल्श या दोनच भाषा चालतात.

ओळख देणारा माणूस आणायचा कुठून?

मोठेपणी पहिल्यांदा पासपोर्ट काढताय तर हा माणूस तोच आहे असं सांगणारा एक जण लागतो. त्याला तिकडे काऊंटरसिग्नेटरी म्हणतात. ऑनलाईन अर्जात त्याला ईमेल जातो आणि तो ऑनलाईनच तुमची ओळख पटवतो. कागदी अर्जात तो फॉर्मवर सही करतो आणि दोनपैकी एका फोटोच्या मागे हा फोटो याच व्यक्तीचा असल्याचं लिहून देतो.

अटी ऐका. तो तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखत असावा. नातेवाईक चालत नाही, सासरचाही नाही. एकाच पत्त्यावर राहणारा फ्लॅटमेट चालत नाही. ब्रिटनमधून अर्ज करताना तो ब्रिटनमध्ये राहणारा आणि चालू ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट असलेला हवा. शिवाय मान्य व्यवसायातला, किंवा समाजात चांगलं नाव असलेला. यादीत शिक्षक, नर्स, अकाऊंटंट, वकील, पोलीस, अंत्यविधीचं काम करणारे आणि चक्क पत्रकारही आहेत. डॉक्टर मात्र तुमचा नुसता डॉक्टर असून भागत नाही, तो मित्र असावा लागतो.

इथे आपल्या लोकांची दमछाक होते. ओळखी असतात त्या सगळ्या ऑफिसातल्या आणि मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपमधल्या, आणि त्यातले बहुतेक अजून भारतीय पासपोर्टवर. मग मुलांच्या शाळेतल्या शिक्षिका, शेजारचे रिटायर्ड काका, किंवा मंडळातले जुने सभासद आठवतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, त्यामुळे तिथे ब्रिटिश पासपोर्टवाल्या काका-काकूंचा तुटवडा नाही. पण ऐन वेळी "काका, जरा सही द्या ना" म्हणून चालत नाही, दोन वर्षांची ओळख खरीच हवी.

मूल तिथे जन्मलं म्हणजे ब्रिटिश?

नाही. आणि हा गैरसमज फार महागात पडतो. 1 जानेवारी 1983 पासून ब्रिटनमध्ये नुसतं जन्मून नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात किंवा त्यांच्याकडे कायम राहण्याची परवानगी असावी लागते. आईवडील दोघंही वर्क व्हिसावर असतील तर बाळ भारतीय. त्याच्यासाठी ब्रिटिश पासपोर्टचा फॉर्म भरला तर फी गेली आणि हाती काही नाही. पुढे पालकांपैकी एकाला आयएलआर मिळालं की 18 वर्षांखालच्या अशा मुलाची आधी नागरिक म्हणून नोंदणी करायची, मग पासपोर्ट.

म्हणून मुलाच्या फॉर्ममध्ये आईवडिलांची जन्मतारीख, जन्मगाव, लग्नाची तारीख असं सगळं खोदून विचारतात. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनमध्ये गेलेल्या गोवेकर कुटुंबांनाही हेच लागू आहे. बाळाच्या जन्माच्या दिवशी पालकाचं सेटल्ड स्टेटस झालेलं होतं की प्री-सेटल्ड होतं, या एका शब्दावर बाळाचा पासपोर्ट ठरतो.

फोटो, कागद आणि मग वाट

फोटो महिन्याभरातला हवा. हसायचं नाही, चष्मा शक्यतो काढायचा, फिल्टर तर विसराच. एक वर्षाखालच्या बाळाचे डोळे मिटलेले असले तरी चालतात. कागदपत्रं मूळच पाठवायची, झेरॉक्स चालत नाही. नागरिकत्वाचं सर्टिफिकेट आणि भारतीय पासपोर्टही त्यात येतो. पोस्टाने पाठवताना ट्रॅकिंगवाली सेवा घ्या आणि सगळ्याचे स्कॅन घरी ठेवा.

नूतनीकरण असेल तर साधारण तीन आठवडे धरा. मोठ्या माणसाच्या पहिल्या पासपोर्टला जास्त लागू शकतात, कारण ओळख पटवण्यासाठी मुलाखतीला बोलावू शकतात. आणि पहिल्या पासपोर्टला तातडीची सेवा मिळत नाही, कितीही पैसे द्यायची तयारी असली तरी.

पासपोर्ट आला की लगेच उघडून नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासा, मग सही करा. त्यानंतर भारतीय पासपोर्ट भारतीय उच्चायुक्तालयाच्या प्रक्रियेतून सरेंडर करायचा आणि त्याचं सर्टिफिकेट जपून ठेवायचं. ओसीआय कार्डाच्या अर्जाला ते लागतं. ओसीआयवर भारतात हवं तेव्हा येता येतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. गावाकडे वाटण्या व्हायच्या असतील तर हे घरच्यांशी आधी बोलून घ्या. ओसीआय येईपर्यंत गावी जायचं झालं, तर ज्या देशात जन्मलो त्याच देशाचा व्हिसा काढावा लागतो.