मनात होतं, पण राहून गेलं

‘राहून गेलं’ म्हणताना मराठीत करणाऱ्याचं नाव घ्यावं लागत नाही. भेटायचं राहून गेलं, फोन करायचा राहून गेला, दोन शब्द बरे बोलायचे राहून गेले. कोणाच्या हातून, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. नवरा-बायकोच्या भांडणात ही फार मोठी सोय आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला सहसा ‘मी’पासून सुरुवात केल्याशिवाय गत्यंतर नसतं. मग तो त्या ‘मी’च्या आधी एक ‘कदाचित’ ठेवून देतो. ‘ऑल्वेज ऑन माय माइंड’ हे कंट्री संगीतातलं गाजलेलं क्षमायाचनेचं गाणं सुरू होतं ते याच शब्दाने. पन्नासहून अधिक वर्षांत ते ज्यांनी ज्यांनी गायलं, त्यांच्या गळ्यात या ‘कदाचित’चा रंग बदलत गेला.

वेन कार्सन हा मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डचा गीतकार. १९६७ मध्ये ‘बॉक्स टॉप्स’ या बँडने गाजवलेलं ‘द लेटर’ त्याचंच. कामासाठी तो मेम्फिसला गेला, मुक्काम लांबत गेला आणि फोनवर बायकोचा पारा चढला. तिची समजूत काढताना तो बोलून गेला, की तू तर सतत माझ्या मनात असतेस. बोलता बोलताच त्याला उमगलं, की हे गाणं आहे! त्याने फोन आवरता घेतला. ही हकीकत कार्सनने स्वतःच सांगितली होती. रुसलेल्या बायकोला तसंच सोडून ओळीमागे धावलेला हा माणूस आणि गाण्यातला नायक यांच्यात फारसा फरक नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं की नाही, कोण जाणे.

गाण्याला मधला तुकडा नव्हता. तो हवाच, असा आग्रह मेम्फिसचा निर्माता चिप्स मोमन याने धरला. जॉनी ख्रिस्तोफर आणि मार्क जेम्स या दोघांची त्यासाठी मदत झाली. एल्विस प्रेस्लीचं ‘सस्पिशस माइंड्स’ लिहिणारा मार्क जेम्स तो हाच. या तुकड्यात ‘कदाचित’ नाही, सरळ विनवणी आहे: तुझं प्रेम अजून विझलेलं नाही एवढं सांग, आणखी एक संधी दे. कडव्यांमध्ये वकिली करणारा माणूस इथे एकदाचा गुडघ्यावर येतो. मोमनचा हट्ट योग्यच होता.

१९७२ साली हे पुरुषी गाणं बाहेर आलं ते आधी बायकांच्या आवाजात. ग्वेन मॅक्रेने ते गायलं, ब्रेंडा लीनेही गायलं. दोन्ही वेळा फारसा गवगवा झाला नाही.

त्याच वर्षी मार्चच्या अखेरीस एल्विसने हॉलिवूडमधल्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित केलं. त्याची बायको प्रिसिला त्याच्यापासून वेगळी होऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. अमेरिकेत ते ‘सेपरेट वेज’ या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूवर निघालं. ब्रिटनमध्ये मात्र तेच पुढच्या बाजूला आलं आणि लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत गेलं. एल्विसच्या आवाजात जखम ताजी आहे. पण तंतुवाद्यं आणि कोरस यांच्या लाटेवर तो इतका उंच चढतो, की ‘कदाचित’ हा शब्द त्या भरतीत वाहून जातो. चूक कबूल करायला त्याला सवडच नाही, तिने परत यावं एवढंच त्याला हवं आहे. पुढच्या वर्षी घटस्फोट झाला.

मग दहा वर्षं गेली. टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळच्या आपल्या पेडरनॅलिस स्टुडिओत कंट्री गायक विली नेल्सन हा मर्ल हॅगर्ड या दुसऱ्या कंट्री गायकाबरोबर एक अल्बम करत होता आणि निर्माता होता तोच चिप्स मोमन. जॉनी ख्रिस्तोफरने तिथे हे गाणं ऐकवलं. हॅगर्डला ते भावलं नाही, विलीने उचललं. कंट्री संगीताच्या इतिहासात इतका महागात पडलेला नकार दुसरा सापडणं कठीण.

विली तेव्हा पन्नाशीला टेकला होता. नॅशव्हिलच्या गुळगुळीत बाजाला कंटाळून तो टेक्सासला परतला होता, आणि त्यानंतर ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’, ‘स्टारडस्ट’ या अल्बमनी त्याला मोठं केलं होतं. तो गातो ते तालाच्या किंचित मागे रेंगाळत, अर्धं बोलत. एल्विसचा माणूस दारात उभा राहून हाक मारतो. विलीचा माणूस कधीचंच बंद झालेलं दार आठवत घरात बसला आहे. त्याच्या तोंडी ‘कदाचित’ ही पळवाट राहत नाही. आपण तिला नेमकं किती दुखावलं, याचा हिशेब त्याला अजून लागलेला नाही, एवढंच त्या शब्दातून कळतं. हँक विल्यम्सच्या काळापासून कंट्री गाण्यात दगाबाज हृदय बहुधा समोरच्याचंच असे. इथे मात्र दगाबाजी कोणीच केलेली नाही, नुसतं दुर्लक्ष झालं आहे.

१९८२ च्या मे महिन्यात विलीचं हे गाणं अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सर्वसाधारण यादीत पाचव्यापर्यंत चढलं. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमी सोहळ्यात वर्षातलं सर्वोत्तम गीत, सर्वोत्तम कंट्री गीत आणि सर्वोत्तम कंट्री गायक, असे तीन मान त्याने मिळवले. कंट्री म्युझिक असोसिएशनने तर वर्षातल्या सर्वोत्तम गीताचा पुरस्कार त्याला लागोपाठ दोन वर्षं दिला.

१९८७ मध्ये ‘पेट शॉप बॉइज’ या ब्रिटिश जोडीने एल्विसच्या दहाव्या स्मृतिवर्षातल्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी हे गाणं डिस्कोच्या ठेक्यावर बसवलं. त्या नाताळात ब्रिटनमध्ये ते पहिलं आलं. जोडीतला गायक नील टेनंट याचा आवाज कोरडा, जवळजवळ बेफिकीर. अनेकांना तो गाण्याचा अपमान वाटतो, मला वाटत नाही. मोमनने जोडायला लावलेला तो मधला तुकडा सोडला, तर शब्द तेवढेच उरतात: केलं नाही, बोललो नाही, पण मनात होतीस. ठेक्यावर ऐकताना त्यातली आत्मसंतुष्टता उघडी पडते, आणि ‘कदाचित’ म्हणजे निव्वळ खांदे उडवणं होतं.

कार्सन २०१५ मध्ये गेला, मोमन आणि हॅगर्ड २०१६ मध्ये, मार्क जेम्स २०२४ मध्ये. एल्विस, विली आणि टेनंट यांची तिन्ही ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज मिळतात. ऐकायचीच असतील तर विलीचं शेवटी ऐका, आणि फोन बाजूला ठेवून ऐका.