दप्तराची खोली आणि तिची किल्ली

शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीचे मोल, ती ओळ हवी असते त्या दिवशी कळते. अनुसूचित जातीचा दाखला काढताना कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते आणि मग आजोबांच्या शाळेतील नोंदीचा शोध सुरू होतो. हा शोध आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याण पट्ट्यातील घरांत शिरले. वाहून गेलेली भांडीकुंडी लोकांनी पुन्हा जमवली. कागद मात्र पुन्हा मिळाले नाहीत.

आज अशा नोंदी स्कॅन करून ठेवणे सोपे झाले आहे. अडचण पुढे येते. दाखल्याची प्रत व्हॉट्सॲपच्या समूहात पडते, पेन ड्राइव्ह खिशातून खिशात फिरतो आणि अल्पवयीन मुलांची जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र कोणाकोणाच्या हाती गेले याचा हिशेब उरत नाही. यावरचा उपाय महागडा नाही. कार्यालयातील एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून त्याचा सुरक्षित सर्व्हर करता येतो.

संगणकांमध्ये फायलींची देवाणघेवाण करण्याचा ‘एफटीपी’ हा नियम १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीतून ते अमेरिकेतील एमआयटीत गेले होते. त्या काळी जाळ्यावर मोजकेच संगणक होते. म्हणून पासवर्ड उघड्या अक्षरांत जाई आणि त्याचे कोणास काही वाटत नसे. पुढे हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी हे पासवर्ड चोरून टिपले. त्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ रचले. यात सारे संभाषण सांकेतिक होऊन जाते. त्याच्या आतून फायली नेणारी पद्धत म्हणजे ‘एसएफटीपी’. नावे सारखी असली तरी ती एफटीपीची सुधारित आवृत्ती नव्हे.

हे काम माऊसने न करता आज्ञा टंकून का करावे? टंकलेली आज्ञा वहीत उतरवून ठेवता येते. कारकून बदलला तरी नवा माणूस तीच वही उघडून तेच काम करू शकतो. येथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. पडद्यावर त्या रोमन लिपीतच टंकाव्यात.

उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ या आज्ञेने सर्व्हर बसतो. ‘ग्रुपॲड’ने एक गट करावा आणि ‘यूजरॲड’ने प्रत्येकाचे स्वतंत्र खाते त्या गटात उघडावे. एकच खाते चौघांनी वापरू नये. मग कोणी काय पुसले ते कधीच कळत नाही. नंतर ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’ ही फाईल उघडून तिच्या शेवटी ‘मॅच ग्रुप’ या शब्दांपुढे गटाचे नाव लिहावे. त्याखाली ‘सीएचरूट-डिरेक्टरी’ लिहून प्रत्येकास त्याच्याच खोलीत बंदिस्त करावे आणि ‘फोर्स-कमांड इंटर्नल-एसएफटीपी’ लिहावे, म्हणजे फायली ठेवण्या-नेण्यापलीकडे त्यास काही करता येणार नाही.

बहुतेक जण अडखळतात ते येथेच. ही बंदिस्त खोली ‘रूट’च्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य चालकाच्या मालकीची असावी लागते आणि इतर कोणास तीत लिहिण्याची मुभा असून चालत नाही. माणूस सद्भावनेने ती खोली वापरणाऱ्याच्या नावे करतो आणि सर्व्हर दार उघडण्यास साफ नकार देतो. म्हणून ‘चओन’ आज्ञेने बाहेरची खोली रूटकडे ठेवावी, ‘सीएचमॉड ७५५’ने तिच्यावरील परवाने ठरवावेत आणि तिच्या आत ‘दप्तर’ नावाचे कपाट करून तेवढे वापरणाऱ्यास द्यावे.

पासवर्डापेक्षा किल्ली बरी. वापरणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन’ चालवावे. किल्लीचे दोन भाग तयार होतात. उघडा भाग सर्व्हरवर जातो, गुप्त भाग स्वतःजवळच राहतो. किल्लीने प्रवेश मिळतो याची खात्री झाल्यावरच गटासाठी पासवर्डचा मार्ग बंद करावा.

आणि फाईल बदलल्यावर सर्वप्रथम ‘सुडो एसएसएचडी -टी’ चालवावे. चूक असल्यास ते ओळीच्या क्रमांकासह सांगते. मी एकदा हे टाळले. रात्री घरून दूरच्या सर्व्हरवर काम करीत होतो. एका शब्दात एक अक्षर चुकले, तशीच सेवा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली आणि खिडकी मिटली. सेवा उठलीच नाही. सकाळची पहिली लोकल पकडून त्या संगणकापुढे जाऊन बसावे लागले. तेव्हापासून जुनी खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून प्रवेश होतो का ते पाहतो. मगच पहिली मिटतो.

आरंभी हा सर्व्हर कार्यालयाच्या जाळ्यापुरताच ठेवावा, इंटरनेटवर उघडू नये. दुसऱ्या संगणकावरून ‘एसएफटीपी’ने आत शिरावे, ‘पुट’ने एक कागद ठेवावा, ‘गेट’ने परत घ्यावा, मग शेजाऱ्याच्या खोलीत डोकावण्याचा प्रयत्न करून पाहावा. ती दिसता कामा नये. साऱ्या दप्तराची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत, आणि शक्यतो तळमजल्यावर नव्हे अशा जागी ठेवावी.