एकदाच काढून टाकलेलं पुस्तक

ऑक्सफर्डच्या बॉडलियनमध्ये 'लायब्ररी लावता' येत नाही. पुस्तक तिथेच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाव काढायचं नाही. १६४५ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत ऑक्सफर्डला तळ देऊन असलेल्या पहिल्या चार्ल्स राजाने एक फ्रेंच इतिहासग्रंथ मागवला, तर ग्रंथपालाने त्याच्यापुढे नियमच ठेवले. राजाने ते मानले, हे विशेष. आत विस्तव आणणार नाही, अशी शपथ वाचकाला आजही घ्यावी लागते. १८४५ पर्यंत तिथे शेकोटीचीही सोय नव्हती; विलायती थंडीत कुडकुडत वाचायचं.

सर थॉमस बॉडलीने हे ग्रंथालय १६०२ मध्ये खुलं केलं. १६१० मध्ये त्याने लंडनच्या प्रकाशक-मुद्रकांच्या संघाशी करार केला: छापलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत आम्हाला फुकट. मागताना सगळं मागितलं, पण नाटकांच्या चोपड्या मात्र त्याला कचरा वाटत. त्या ठेवू नका, असं त्याने आपल्या ग्रंथपालाला बजावलं होतं.

तरी १६२३ चा शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला जाडजूड संग्रह आला, बांधला गेला, साखळीने फळीला जखडलाही गेला. पुढे १६६४ ची नवी आवृत्ती आली. जुनी प्रत जादा ठरून विकली गेली असावी. १९०५ मध्ये एका विद्यार्थ्याने घरचं जुनं पुस्तक बांधणीबद्दल विचारायला आणलं. बांधणीवरच्या साखळीच्या खुणेवरून ते ओळखलं गेलं. मग वर्गणी काढून ३,००० पौंड मोजावे लागले! त्या प्रतीत 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची पानं सर्वांत जास्त झिजलेली आहेत. तेव्हाची पोरं काय वाचत होती, ते बॉडलीला ठाऊक नसावं.

आपल्याकडचा ऐवजही तिथे मोठा आहे. नेपाळच्या चंद्र शमशेर यांनी १९०९ मध्ये सहा हजारांहून अधिक संस्कृत हस्तलिखितं दिली. शून्यासाठी टिंब वापरणारी बख्शाली पोथीही तिथेच. (ती परत मागावी का, हा वेगळा वाद.)

फुकटच्या प्रतींचा ओघ अजून चालू आहे. जागा पुरेना, म्हणून २०१० मध्ये स्विंडनला कोठार उघडलं: फळ्यांची लांबी २४० किलोमीटरांहून जास्त. तिथे विषयवारी नाही. पुस्तकं उंचीप्रमाणे लावतात आणि बारकोडवर शोधतात. मागणी नोंदवली की गाडीतून ऑक्सफर्डला येतात, वाचून झाली की परत जातात.