हिसाब जौ जौ, बख्शीश सौ सौ

मागच्या हिवाळ्यात माझ्या खालाला डोळ्यांच्या तपासणीसाठी परभणीहून औरंगाबादला न्यायचे होते. खानदानात गाडी एकाचीच, माझ्या धाकट्या चुलत भावाची. "आपा, मी आहे ना," म्हणत तो फजरनंतर लगेच दारात हजर झाला. खाला, तिचा मुलगा, सून आणि मी असे चौघे बसलो. रात्री परतल्यावर खालाच्या मुलाने त्याच्या खिशात पाचशेची नोट कोंबली. "राहू दे, राहू दे," म्हणत भावाने ती ठेवून घेतली. सगळे खूश होऊन घरी गेले.

पुढच्या तपासणीच्या वेळी भावाला काम निघाले. त्याच्या पुढच्या वेळीही निघाले. "गाडी आली की माणसं बदलतात," असे खाला बोलून गेली. काही दिवसांनी भावाची बायको माझ्याजवळ हळूच म्हणाली, "आपा, त्या दिवशी तीन हजारांचं पेट्रोल लागलं. सांगायचं तरी कोणाला?"

मला आधी ते खरे वाटेना. आठवीच्या मुलांना मी दर वर्षी समप्रमाणाची उदाहरणे घालते, पण या प्रवासाचा हिशेब मी स्वतः कधी केलाच नव्हता. त्या रात्री वही घेऊन बसले.

या हिशेबाला तीनच आकडे लागतात: एकूण अंतर, गाडीचा ॲव्हरेज आणि त्या दिवसाचा पेट्रोलचा भाव.

अंतर मोजताना आपण हमखास चुकतो. परभणी ते औरंगाबाद साधारण 200 किलोमीटर, एवढेच डोक्यात असते. पण गाडीला परतही यायचे असते. शिवाय शहरात दवाखाना, औषधाचे दुकान, जेवण, एखाद्या नातेवाइकाचे घर अशी फिरती होतेच. जाऊन-येऊन 400 आणि फिरती 30, असे 430 किलोमीटर झाले.

ॲव्हरेजसाठी कंपनीचा आकडा धरू नका. पाच माणसे, डिकीत सामान, एसी चालू आणि रस्त्यात ठिकठिकाणी काम सुरू असले की गाडी तेवढा देत नाही. खरा आकडा घरच्या घरी काढता येतो. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. नेहमीसारखी गाडी चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरा. या वेळी जितके लिटर बसले, तितकेच मधल्या प्रवासात जळले. भावाची गाडी 330 किलोमीटर चालली आणि 22 लिटर बसले. 330 भागिले 22, म्हणजे 15. डिझेलच्या गाडीलाही हीच रीत. सीएनजी असेल तर लिटरऐवजी किलो धरा.

आता भाव. 16 जून 2017 पासून देशभर इंधनाचे दर रोज ठरू लागले. एप्रिल 2022 मध्ये आपल्या परभणीत पेट्रोल लिटरला 120 रुपयांच्या पुढे गेले आणि देशातल्या सर्वांत महाग शहरांत परभणीचे नाव छापून येऊ लागले. आपल्याकडे पेट्रोल येते ते मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, टँकरने, सुमारे तीनशे किलोमीटरवरून. ते भाडेही भावात मिळवले जाते. पुढे मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवरचे शुल्क लिटरमागे 8 रुपयांनी घटवले, जुलैमध्ये राज्याने 5 रुपये कमी केले आणि मार्च 2024 मध्ये आणखी 2 रुपये उतरले. म्हणून "मागच्या वेळी एवढेच लागले होते" हा हिशेब धरू नये. निघायच्या दिवशीचा भाव घ्यावा.

मी 107 रुपये धरले. 107 भागिले 15, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये 13 पैसे. हा एक आकडा प्रत्येक गाडीवाल्या घरात लिहून ठेवावा. 430 किलोमीटरचे झाले 3,066 रुपये. भावजय खरेच बोलली होती. त्यात टोल आणि पार्किंग धरलेलेच नाही. टायर आणि सर्व्हिसिंगचा खर्चही वेगळाच.

आम्ही चौघांनी हे वाटून घेतले असते तर प्रत्येकी साधारण 767 रुपये आले असते. गाडीवाल्याचा वाटा मी धरत नाही. त्याची गाडी झिजते आणि दिवसही जातो. बसणाऱ्यांत कोणाची ऐपत नसेल तर त्याचा वाटा कोण देणार, हे निघण्याआधीच ठरवावे.

"आपल्याच माणसांत कसले पैसे?" असे काही जण म्हणतील. आमचे अब्बा किराणा दुकानाच्या वहीवर बोट ठेवून म्हणायचे, "हिसाब जौ जौ, बख्शीश सौ सौ." हिशेब जवाच्या दाण्यापर्यंत चोख ठेवा, मग देताना हात हवा तेवढा सैल सोडा. आम्ही नेमके उलटे केले होते. हिशेब केलाच नाही, आणि भावाने जे सोडून दिले ते कोणाला दिसलेही नाही. आम्हाला वाटले, पाचशेत फिटले. त्याला वाटले, कोणाला कदर नाही. दोघांच्याही नियतीत खोट नव्हती, फक्त आकडा कोणी उच्चारला नव्हता.

मी तो कागद खालाच्या घरी नेला. तिने सुनेकडून दोनदा वाचून घेतला आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पोराला फोन लाव."

पुढच्या तपासणीला भाऊ आला. निघण्याआधीच खालाच्या मुलाने तीन हजार त्याच्या हातात ठेवले. भावाने मोजले, दोन हजार ठेवून घेतले आणि हजार खालाच्या हातात दिले. "हे माझ्याकडून, खाला. चष्म्यासाठी."

या वेळी कोणी "राहू दे, राहू दे" म्हटले नाही. खालाने नोटा बटव्यात ठेवल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.