माय मदर इज अ ‘कुकर’!

मुलांनो, इंग्रजीच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ म्हणजे तुझे बाबा काय काम करतात? सोपा आहे ना? मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या चौथीच्या वर्गात या सोप्या प्रश्नानं काय काय गमती केल्या आणि मलाच कसा धडा शिकवला, ते आज सांगते.

आमचं गाव तळेगाव ढमढेरे. पुणे–नगर रस्त्यावरचं शिक्रापूर आम्हाला अगदी जवळ. एका बाजूला उसाची नि कांद्याची शेतं, दुसऱ्या बाजूला सणसवाडी आणि रांजणगावचे कारखाने. त्यामुळे वर्गात तऱ्हेतऱ्हेची कामं करणाऱ्या आईवडिलांची मुलं असतात.

मी स्वतः पाचवीत गेल्यावर पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवली. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तेव्हा आपल्या वर्गातल्या मुलांना इंग्रजीत घडाघडा बोलता यावं, ही माझी भारी हौस. मी बाजारातून एक रंगीत तक्ता आणला. त्यावर डॉक्टर, इंजिनिअर, पायलट, नर्स, टीचर, सोल्जर, फार्मर अशी चित्रं होती. म्हटलं, तक्ता बघा आणि आपल्या बाबांविषयी एक वाक्य सांगा.

झालं! निम्म्या वर्गाचे बाबा फार्मर निघाले. दहा-बारा जणांचे बाबा नुसतेच ‘इन कंपनी’. आणि एकाचे तर चक्क पायलट! मी चकित झाले. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याचे बाबा टेम्पो चालवतात. तक्त्यावर ड्रायव्हर नव्हता. मग चालवणारा म्हणून त्याला पायलटच जवळचा वाटला.

एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘माय मदर इज अ कुकर!’’ तिची आई शाळेत खिचडी शिजवते. आता हसू नका हं. त्या मुलीचा हिशेब अगदी बरोबर होता. टीच करतो तो टीचर, ड्राइव्ह करतो तो ड्रायव्हर, मग कुक करते ती कुकरच नाही का? पण इंग्रजी भाषाही कधीकधी खोड्या काढते. शिजवणारं माणूस म्हणजे कुक, आणि शिट्टी वाजवणारं भांडं म्हणजे कुकर. हे ऐकल्यावर सगळ्यांत आधी तीच खो-खो हसली.

आणखी एक शब्द असाच. आपण सर्रास म्हणतो, ‘आज दोन लेबर आले होते.’ पण इंग्रजीत लेबर म्हणजे मुख्यतः श्रम. श्रम करणारा एक माणूस, तो लेबरर. माणसाला लेबर म्हटलं की त्याचे श्रम तेवढे उरतात आणि माणूस गायब होतो. मुलांना हे लगेच पटलं.

मग एका मुलाला मी मराठीतच विचारलं, ‘‘तुझे बाबा काय करतात रे?’’ त्यानं आपल्या जातीचं नाव सांगितलं. खरं तर त्याचे बाबा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतात! पण त्याची चूक नव्हती. पूर्वी आपल्या खेड्यांत बारा बलुतेदार असत. सुताराचा मुलगा सुतार, कुंभाराचा मुलगा कुंभार. काम जन्माबरोबरच ठरायचं. तुला आवडतं का, असं कोणी विचारत नसे. इंग्लंडातही कामावरून आडनावं पडली. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, मिलर म्हणजे दळण दळणारा. पण आज एखादे स्मिथसाहेब बँकेत असतात आणि मिलरबाई विमान चालवतात. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या १९व्या कलमानं प्रत्येक नागरिकाला कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य दिलं. म्हणजे काम हे माणूस करतो. ते त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

तिथेच मला युक्ती सुचली. कामाचं नाव नको, क्रियापद सांगा! ‘ही इज’ बाजूला ठेवा आणि ‘ही’च्या पुढे तो जे करतो ते लिहा. ‘ही रिपेअर्स मोटर्स.’ ‘ही ड्राइव्हज अ टेम्पो.’ ‘शी कुक्स खिचडी.’ रोजचं काम सांगताना इंग्रजीत साधा वर्तमानकाळ वापरतात, आणि ही किंवा शी असेल तर क्रियापदाला शेवटी एस लागतो. व्याकरण आपोआप पाठ झालं.

आता ‘इन कंपनी’वाल्यांची पंचाईत झाली. कंपनीत जाऊन बाबा नक्की काय करतात, हे कोणालाच सांगता येईना! गृहपाठ दिला, ‘घरी विचारून या.’ दुसऱ्या दिवशी वर्गात नुसती धांदल. एकाचे बाबा यंत्राच्या भागांची मापं तपासतात. ‘ही चेक्स मशीन पार्ट्स.’ एकाचे बाबा खोकी भरतात. एका मुलाचं वाक्य होतं, ‘ही वर्क्स ॲट नाइट अँड स्लीप्स इन द मॉर्निंग.’ तो मला हळूच म्हणाला, ‘‘बाई, मी सकाळी टीव्ही लावला की बाबा रागावायचे. आता नाही लावत.’’

आणि आई? अर्ध्या वर्गानं आधी सांगितलं होतं, ‘‘आई काहीच करत नाही, घरीच असते.’’ म्हटलं, ती उठल्यापासून काय करते ते फळ्यावर लिहू. झाडते, पाणी भरते, म्हशीची धार काढते, भाकरी थापते, डबा भरते, खुरपायला जाते... फळा भरला तरी आईचा दिवस संपेना! शेवटी एक मुलगा म्हणाला, ‘‘बाई, दुसरा फळा आणा.’’

पण मुलांनो, माझी खरी परीक्षा पुढेच होती. दिवाळीनंतर आमच्याकडे ऊसतोड सुरू होते. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि शेताजवळ पालं ठोकून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. त्यांच्यातलीच एक मुलगी आमच्या वर्गात दाखल झाली होती. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही शाळेत प्रवेश द्यावाच लागतो. तक्त्याच्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली होती, ‘‘माय फादर इज अ फार्मर.’’ मी ‘गुड’ म्हणून मोकळी झाले होते. तिचं वाक्य बरोबर होतं, पण खरं नव्हतं. आणि तिला खरं लपवावंसं वाटलं ते माझ्या त्या चकचकीत तक्त्यामुळे.

क्रियापदांचा खेळ चार दिवस रंगल्यावर ती आपण होऊन फळ्याजवळ आली. तिनं लिहिलं, ‘माय फादर कट्स शुगरकेन. माय मदर कट्स शुगरकेन. शी कॅरीज इट ऑन हर हेड.’ कोणीतरी विचारलं, ‘‘एक मोळी केवढी असते गं?’’ मग तिनं पाचट कसं सोलायचं, वाढं कशाला म्हणतात, मोळी कशी बांधायची नि भरलेल्या गाडीवर फळीवरून कशी चढवायची, सगळं सांगितलं. शेतकऱ्यांची मुलंसुद्धा आ वासून ऐकत होती. त्यांच्याच शेतातला ऊस, पण मोळी डोक्यावर कोण वाहतं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं!

शेवटी मी सगळ्यांना विचारलं, ‘‘तुम्हाला मोठेपणी काय व्हायचंय?’’ पोलीस, डॉक्टर, क्रिकेटपटू अशी उत्तरं आली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिनं मराठीत एक वाक्य सांगितलं आणि विचारलं, ‘‘बाई, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?’’ मी ते तिला लिहून दिलं. ‘आय वॉन्ट टू स्टे इन वन स्कूल.’ मला एकाच शाळेत राहायचंय.

मार्चअखेर हंगाम संपला, पालं उठली, तीही गेली. जाताना मी तिला एक वही दिली आणि त्यात आमच्या शाळेचा पत्ता लिहून दिला. तो रंगीत तक्ता मी भिंतीवरून काढला. त्या जागी आता मुलांनी स्वतः लिहिलेली वाक्यं लावली आहेत. त्यात तिचंही आहे.

कामांची नावं बदलत राहतात बरं का. दौंड जंक्शनला जाल तेव्हा गाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवा झेंडा दाखवणारे काका बघा. त्यांना आपण गार्ड म्हणायचो. २०२२पासून रेल्वेनं त्यांच्या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ असं नाव दिलं. नाव नवं आलं, तरी गाडी सुखरूप नेण्याची जबाबदारी तीच आहे.

मग खेळायचा का हा खेळ तुम्हीही? आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला विचारा, ‘‘आज दिवसभरात तुम्ही काय काय केलंत?’’ प्रत्येकाची तीन क्रियापदं इंग्रजीत लिहा. एस विसरू नका!

आणि पालकांनो, मुलांनी विचारलं तर ‘तुला काय करायचंय? तू अभ्यास कर’ असं म्हणून टाळू नका. खरं काय ते सांगा. काम दमवणारं असेल, पगार वेळेवर होत नसेल, तर तेही सांगा. मुलांना समजतं. तुम्ही सांगितलंत, तरच ती वर्गात मान वर करून खरं वाक्य बोलतील.