किरमिजी रंगातला किडा

इंग्रजीत गडद लाल रंगाला ‘क्रिमझन’ म्हणतात, मराठीत ‘किरमिजी’. हे साम्य योगायोगाचं नाही. दोन्ही शब्दांची वाट अरबी ‘किर्मिझ’वरून जाते, आणि त्या शब्दाच्या पोटात एक किडा आहे.

भूमध्य समुद्राकाठच्या देशांत ओकची एक बुटकी, काटेरी पानांची जात वाढते. तिच्या फांद्यांवर ‘केर्मिस व्हर्मिलिओ’ हा खवलेकीटक पोसतो. त्याच्या मादीला पंख नसतात. सोंड खुपसून ती एकाच जागी रस शोषत बसते आणि अंड्यांवर आली की वाटाण्यासारखी गोल, टणक होते. अंडी फुटायच्या आत या माद्या नखांनी खरवडून काढायच्या, व्हिनेगरने मारायच्या आणि वाळवायच्या, अशी रीत होती. लाली असते ती त्यांच्या अंगातल्या केर्मेसिक आम्लाची. लोकर किंवा रेशीम तुरटीच्या पाण्यातून काढलं, की हा रंग धाग्याला घट्ट धरतो.

वाळलेली मादी हुबेहूब दाण्यासारखी दिसते. त्यामुळे ग्रीकांनी तिला ‘कोक्कोस’, म्हणजे दाणा, म्हटलं. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनेही हा रंग ओकच्या दाण्यांचा म्हणून नोंदवला. लॅटिनमध्ये दाण्याला ‘ग्रानुम’ म्हणतात. हाडीमासी भिनलेल्या सवयीला इंग्रजीत ‘इनग्रेन्ड’ म्हणतात, ते या ‘दाण्या’च्या पक्क्या रंगावरूनच.

पूर्वेकडच्या भाषांनी मात्र किडा अचूक ओळखला होता. संस्कृत ‘कृमि’ आणि फारसी ‘किर्म’ हे एकाच कुळातले शब्द. कृमीपासून झालेलं ते ‘कृमिज’. कोशकार ‘किर्मिझ’चं मूळ तिथवर नेतात. अरबीतून स्पॅनिश-फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत ‘क्रिमझन’ झाला. आपल्याकडे तो फारसीच्या संगतीने आला. याच कुळातल्या पोलिश भाषेत ‘चेर्व’ म्हणजे अळी, ‘चेर्वोनी’ म्हणजे लाल. तिथे जून महिन्याचं नाव ‘चेर्व्येत्स’ आहे, कारण रंगाचे किडे गोळा करायचा हंगाम तोच. लॅटिनमध्येही ‘व्हर्मिक्युलस’, म्हणजे छोटी अळी, असा शब्द रुळला आणि त्यातून इंग्रजीला ‘व्हर्मिलियन’ मिळाला.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांना मेक्सिकोत निवडुंगावर वाढणारा कोचिनील कीटक सापडला. त्याच्यात रंग कितीतरी जास्त भरतो, त्यामुळे जुन्या किर्मिझचा धंदा बसला. किडा बदलला, नाव मात्र त्याच घराण्यात राहिलं. कोचिनीलच्या रंगाला आज ‘कार्माइन’ म्हणतात, आणि तेही ‘किर्मिझ’चंच रूप.

दाणा की किडा, हा वाद युरोपात सूक्ष्मदर्शक येईपर्यंत चालला. त्याचं उत्तर शब्दात आधीपासूनच होतं. पुढच्या वेळी लिपस्टिक घ्याल तेव्हा वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘सी.आय. 75470’ हा क्रमांक दिसला, तर ती लाली कृमिज आहे.