भाषा एक, अवतार अनेक

'आम्ही पायथन शिकलो', असे आमचे विद्यार्थी मोठ्या अभिमानाने सांगतात. परंतु त्या भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राकडून पार पाडून घेणारे साधन एकच नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. भाषा म्हणजे शब्द, व्याकरण व अर्थ यांचे नियम. ते नियम प्रत्यक्ष राबविणाऱ्या साधनास 'इम्प्लिमेंटेशन' म्हणतात. या लेखापुरते आपण त्यास 'अवतार' म्हणू.

आमच्या कोकणीचेच पाहा. गोव्यात ती देवनागरीत व रोमन लिपीतही लिहिली जाते, तर कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कानडी लिपीत. वाक्य तेच असते. पण ते कोण वाचू शकेल, हे लिपीवर ठरते. अवतारांचेही काहीसे असेच आहे. आज्ञावली तीच असली तरी ती कोठे चालेल आणि इतरांनी तयार केलेली कोणती साधने तिच्या उपयोगी पडतील, हे अवतारावर ठरते.

गिडो व्हान रॉसम यांनी पायथन भाषा १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. तिचा मूळ व सर्वाधिक प्रचारातील अवतार 'सीपायथन' होय. तो सी भाषेत लिहिलेला आहे. 'जायथन' हा जावाच्या यंत्रणेवर चालतो, तर 'आयर्नपायथन' मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट यंत्रणेवर. 'पायपाय' या चौथ्या अवताराची विशेषता वेगाची: आज्ञावली चालू असतानाच तिच्यातील वारंवार येणारा भाग तो यंत्रभाषेत उतरवून घेतो.

आता एक काम डोळ्यांपुढे ठेवू. शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही संगणकावर आणावयाची आहे. सर्व नोंदी एका मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, राहतील. ग्रंथपालांच्या मेजावर, कचेरीत व शिक्षकांच्या खोलीत असलेल्या संगणकांवर एकेक खिडकी उघडेल आणि तेथून पुस्तकांची देवघेव नोंदली जाईल. या मेजावरील आज्ञावलीस 'क्लायंट' म्हणतात. अशा कामास कोणता अवतार निवडावा?

पुष्कळजण प्रथम वेग विचारतात. परंतु क्लायंटचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो: ग्रंथपालांनी कळ दाबण्याची, सर्व्हरकडून उत्तर येण्याची. वाट पाहणाऱ्यास धावण्याचा वेग काय कामाचा? पायपायचा लाभ दीर्घकाळ चालणाऱ्या, हिशेबाच्या फेऱ्यांनी भरलेल्या कामात दिसतो. त्याची गती हळूहळू चढते आणि स्मृतीही तो पुष्कळदा अधिक घेतो. सीपायथनमध्ये एका वेळी एकच धागा पायथनच्या आज्ञा चालवू शकतो, असा आक्षेप घेतात. तो खरा आहे. परंतु उत्तराची वाट पाहताना ते कुलूप मोकळे होते, म्हणून आपल्या कामात त्याची अडचण थोडीच. २०२४ सालच्या ३.१३ या आवृत्तीपासून कुलूपविरहित रूपही प्रायोगिक स्वरूपात मिळू लागले.

खरा प्रश्न शेजाऱ्यांचा आहे. खिडक्या काढणारे साधन आणि नोंदींच्या कोठारापर्यंत नेणारा पूल या दोन गोष्टींवाचून आपले काम उभे राहत नाही. सीपायथनबरोबर 'टीकेइंटर' हे खिडक्यांचे साधन सहसा मिळतेच आणि पोस्टग्रेससारख्या कोठारासाठी सी भाषेत बांधलेले पूल तयार आहेत. सी भाषेतील असे पूल पायपायवर काही वेळा मंद चालतात, तर काही वेळा त्यांच्या जागी दुसरे शोधावे लागतात. जायथन जावाच्या पुलांवरून जातो, आयर्नपायथन डॉटनेटच्या. ज्या संस्थेचा सारा कारभार आधीच जावात किंवा डॉटनेटमध्ये आहे, तिला ही सोय मोलाची वाटेल.

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. जायथन पायथनच्या २.७ या जुन्या आवृत्तीपाशीच थांबला आहे आणि मूळ पायथनमध्ये त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. आयर्नपायथनने तिसऱ्या पिढीचे रूप २०२२ साली धारण केले, तेही ३.४ या आवृत्तीच्या बरोबरीचे. भाषा पुढे जाते, पण तिचा एखादा अवतार मागे राहू शकतो आणि त्यावर विसंबलेले सारे काम त्याच्याबरोबर अडकून पडते.

शाळेच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. आज्ञावली लिहिणारा विद्यार्थी शालान्त परीक्षा देऊन निघून जातो. आज्ञावली मागे राहते आणि तिच्यात शेकडो मुलांच्या नोंदी असतात. पाच वर्षांनी तिच्यात दुरुस्ती करावयाची झाल्यास ती जाणणारा कोणी असला पाहिजे. ज्या अवताराचे जाणकार गावोगाव आढळतात, तोच अशा वेळी खरा वेगवान ठरतो. यास्तव शाळेच्या कामासाठी आमचा कौल सीपायथनच्या बाजूने आहे.

निवडीचा सारा भार एकाच निर्णयावर टाकण्याचेही कारण नाही. क्लायंट आणि सर्व्हर संदेशांच्या द्वारे बोलतात. ते संदेश जेसनसारख्या सर्वमान्य स्वरूपात ठेवले, तर दोन्हीकडे एकच अवतार असण्याची गरज उरत नाही. पुढे सर्व्हरवर मोठे हिशेब येऊन पडले, तर तेथे पायपाय बसविता येईल आणि मेजावरील खिडक्या होत्या तशाच राहतील.

विद्यार्थिमित्रांनो, निवड करण्यापूर्वी एक लहानशी परीक्षा अवश्य घ्या. एकच खिडकी, एकच प्रश्न, एकच उत्तर एवढी आज्ञावली लिहा आणि ती शाळेतील सर्वांत जुन्या, मंद संगणकावर चालवून पाहा. तेथे ती नीट उघडली, कोठारापर्यंत पोहोचली आणि तुमच्या मागच्या वर्गातील मुलास वाचून समजली, तर पुढचे काम निःशंकपणे हाती घ्यावे.